चर्च सुटले, ख्रिस्त सुटला नाही



आमच्यासारख्या कारकुनाचा जन्म अर्ज तपासण्यात जातो. नाव, वडिलांचे नाव, राहणार, जात आणि त्यापुढे एक लहानसा रकाना : 'धर्म'. त्या रकान्यात एकच शब्द मावतो. बहुतेक माणसे तेथे आपल्या बापाने लिहिलेला शब्दच लिहितात आणि पुढे सरकतात. पण तो माणूस संकटात कोणाला हाक मारतो, रात्री दिवा मालवताना कोणाचे स्मरण करतो, याची नोंद कोणत्याही सरकारी अर्जात होत नाही. रकान्यात संस्थेचे नाव येते, मनातली श्रद्धा येत नाही.

हे आज लिहिण्याचे कारण असे की, समाजकार्याच्या निमित्ताने जिल्ह्यात फिरताना एक प्रश्न हल्ली वारंवार कानावर येतो. "ते लोक स्वतःला येशूचे म्हणवतात, पण चर्चमध्ये तर पाय ठेवत नाहीत. मग त्यांना समजायचे तरी काय?" विचारणारे आपलेच लोक असतात. आपल्या वस्त्यांच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंबे आहेत, शाळेत आणि नोकरीत त्यांची-आपली मुले बरोबरीने वावरतात आणि आता एकमेकांच्या घरात सोयरिकीही होऊ लागल्या आहेत. तेव्हा या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे गरजेचे आहे.

आपल्या जिल्ह्यातून गेलेली एक आगगाडी

चर्च सोडायचे, पण ख्रिस्त सोडायचा नाही, ही आजची फॅशन नाही. महाराष्ट्रात तिचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. त्यातले सर्वांत मोठे नाव म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, जात चित्पावन ब्राह्मण. संस्कृतचे पंडित आणि मराठीचे कवी. पोटासाठी गावोगाव हिंडता हिंडता ते नागपुरात आले आणि श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाला राहिले. पुढे १८९३ च्या सुमारास ते राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी निघाले. नागपूरहून राजनांदगावला जाणारा लोहमार्ग आपल्याच भागातून जातो : वरठीचे भंडारा रोड स्टेशन, तुमसर रोड, तिरोडा, गोंदिया, आमगाव. त्या काळी हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यातच मोडत होता. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्या प्रवासात डब्यात एक अनोळखी युरोपियन गृहस्थ भेटले. बोलता बोलता त्यांनी टिळकांच्या हाती बायबलचा नवा करार ठेवला आणि वाचण्याचा आग्रह केला. डोंगरावरील प्रवचनाची ती पाने वाचून टिळक अंतर्बाह्य हलले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोही कोणा गोऱ्या साहेबाच्या हातून न घेता रेव्हरंड तुकाराम नथोजी या देशी पाळकाच्या हातून घेतला.

पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी वीस वर्षांच्या वर काम केले. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे ते संपादक झाले. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या गीतसंग्रहात त्यांची दोनशेहून अधिक गीते आहेत. आपण तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत.

असा हा माणूस. मान होता, काम होते, पगार होता. तरीही १९१७ साली त्यांनी मिशनचा राजीनामा दिला, पगारावर पाणी सोडले आणि साताऱ्याला जाऊन 'देवाचा दरबार' उभा केला. का?

कारण दोन गोष्टी त्यांना सलत होत्या. एक, मिशनमधले परदेशी मिशनरी आणि देशी सेवक यांचे नाते भावाभावाचे न राहता साहेब आणि नोकराचे झाले होते. पैसा परदेशातून येणार, निर्णय साहेब घेणार आणि देशी माणसाने मायबाप म्हणून हात जोडायचे. दुसरी गोष्ट, ख्रिस्ती होणे म्हणजे मिशनच्या कुंपणात जाऊन राहणे आणि आपल्या मातीला परके होणे, असा अर्थ होऊन बसला होता. टिळकांच्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य एकत्र बसणार होते. श्रद्धा असली म्हणजे पुरे, रजिस्टरमध्ये नाव असलेच पाहिजे असे नाही, हा त्याचा सरळ अर्थ. त्यांनी मिशन सोडले, ख्रिस्त सोडला नाही. उलट ख्रिस्त अधिक घट्ट धरता यावा म्हणूनच मिशन सोडले.

दरबाराला आयुष्य थोडे लाभले. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले आणि तो प्रयोग त्यांच्यामागे वाढला नाही. पण एक गंमत पाहा. ज्या व्यवस्थेतून ते बाहेर पडले, तिच्याच चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला त्यांची गाणी म्हटली जातात. मिशनला मात्र काळानुसार रूप बदलावे लागले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरातच सहा वेगवेगळ्या चर्च-संस्थांनी आपली जुनी नावे टाकली आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' ही एक संस्था बनवली. संस्था माणसे बनवतात, माणसेच मोडतात आणि जोडतात. श्रद्धेचा हिशेब वेगळ्या वहीत असतो.

जुने जू टाकले, नवे कशाला?

टिळकांच्याही आधी हा लढा एका बाईने दिला होता. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पण बाप्तिस्मा घेतला म्हणजे आपली बुद्धी पाद्र्यांच्या स्वाधीन केली, हे त्यांना मुळीच मान्य नव्हते. ज्या इंग्रज भगिनींनी त्यांना आश्रय दिला, त्यांच्याशीच त्यांचा पत्रातून कडाक्याचा वाद झाला. त्यांचे म्हणणे असे की, भटजींच्या सत्तेतून मोठ्या कष्टाने सुटले, आता त्याच जातीचे दुसरे जू मानेवर कशाला घेऊ? गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, येथपर्यंत त्यांनी विचारले. आश्रित असतानाही त्या वाकल्या नाहीत. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हजारो अनाथ, विधवा आणि दुष्काळपीडित मुलींना आसरा दिला आणि मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. कोणी म्हणेल का की या बाईची श्रद्धा कमी होती?

रमाबाईंनी धर्म बदलला तेव्हा पुण्याची पत्रे त्यांच्यावर तुटून पडली. त्या वेळी त्यांच्या बाजूने लेखणी कोणी उचलली? महात्मा जोतीराव फुल्यांनी. १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांनी रमाबाईंची पाठराखण केली. जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, मिशनऱ्यांचे उपकार मानणारे. तरी ते ख्रिस्ती झाले नाहीत. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज काढताना त्यांनी जो मुद्दा मांडला, तो आमच्या मते या सगळ्या प्रश्नाची किल्ली आहे : निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको. मग तो दलाल जानवे घातलेला असो की झगा घातलेला.

परदेशातही हेच घडले. रशियाचे थोर लेखक टॉलस्टॉय यांना डोंगरावरील प्रवचनानेच वेड लावले होते. ते अक्षरशः पाळायचे म्हणून त्यांनी राजाच्या सैन्याला आणि पुरोहितांच्या कर्मकांडाला विरोध केला. १९०१ साली रशियन चर्चने त्यांना बहिष्कृत ठरवले. टॉलस्टॉयनी प्रवचनाची पाने काही मिटवली नाहीत.

गरिबाला चर्च सोडणे स्वस्त नसते

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. टिळक आणि रमाबाई दोघेही ब्राह्मण घरातले, विद्वान, नावाजलेले. मिशन सोडल्यावर उपाशी राहायची वेळ आली तरी त्यांच्यामागे त्यांचे नाव होते. पण नगर, सोलापूर, जालना भागांत ज्या हजारो महार-मांग कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांचे काय? मुलाची शाळा मिशनची, दवाखाना मिशनचा, नोकरी मिशनची, राहायची खोली मिशनच्या आवारात आणि मेल्यावर पुरायची जागाही मिशनची. अशा माणसाने पाळकसाहेबांशी मतभेद झाला म्हणून चर्च सोडले, तर त्याला एका दिवसात किती दारे बंद होतात याचा हिशेब मांडून पाहावा. विदर्भातही १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप नागपुरात आल्यापासून स्कॉटिश मिशनने शाळा-दवाखाने उभारले, भंडाऱ्यातही त्यांचे काम झाले. त्या कामाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. ज्या काळात आमच्या बापजाद्यांना गावच्या शाळेत पायरीवरही बसू देत नव्हते, त्या काळात या लोकांनी पाटी-पेन्सिल हातात दिली. पण उपकाराची जाण वेगळी आणि उपकाराच्या दावणीला बांधून राहणे वेगळे.

बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना त्यांनी सांगितले की, धर्मांच्या अभ्यासात दोनच महापुरुषांनी आपले मन जिंकले, एक बुद्ध आणि दुसरा ख्रिस्त. लक्षात घ्या, हे ख्रिस्ताविषयी होते. चर्चविषयी बोलताना मात्र त्याच भाषणात त्यांनी दक्षिणेतल्या चर्चमध्ये चाललेल्या जातिभेदावर बोट ठेवले आणि शिकलेले ख्रिस्ती आपल्या गरीब भावांवरच्या अन्यायाविरुद्ध लढत नाहीत, असेही सुनावले. धर्मांतरितांच्या स्थितीवरचे त्यांचे लेखन महाराष्ट्र शासनाने १९८९ साली प्रकाशित केलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात आहे. जिज्ञासूंनी ते अवश्य वाचावे.

शिवाय कागदाचा फास आहेच. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात फक्त हिंदूंना स्थान होते. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. त्यामुळे कित्येक घरांत मन एकीकडे आणि दाखला दुसरीकडे, असा प्रकार चालतो. पुद्दुचेरीच्या एका प्रकरणात २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, बाप्तिस्मा घेऊन नियमित चर्चला जायचे आणि केवळ सवलतीसाठी स्वतःला हिंदू म्हणवायचे, ही संविधानाशी प्रतारणा आहे. आम्ही ज्या माणसांविषयी लिहीत आहोत ती याच्या अगदी उलट आहेत. ती काही मिळावे म्हणून चर्च सोडत नाहीत, असलेले गमावून सोडतात.

न्यायालय काय म्हणते

आता कायद्याचे पाहू. महाराष्ट्रात अगदी असाच खटला झाला. एक डॉक्टर आणि त्यांचे दोन सहकारी 'फुल गॉस्पेल चर्च ऑफ गॉड' या संस्थेचे सभासद. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे संस्थेचे चार हजारांवर सभासद. त्यांची भूमिका अशी की, आम्ही प्रभू येशूला मानतो, पण ख्रिस्ती किंवा इतर कोणताही धर्म मानत नाही, कारण येशूने धर्म स्थापन केलाच नव्हता. त्यांनी शासकीय मुद्रणालयाकडे अर्ज केला की, आमचा धर्म 'ख्रिस्ती'ऐवजी 'कोणताही धर्म नाही' असा राजपत्रात प्रसिद्ध करा. अर्ज फेटाळला गेला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. २३ सप्टेंबर २०१४ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती चांदुरकर यांच्या खंडपीठाने निकाल दिला. संविधानाच्या २५ व्या कलमाने सद्सद्विवेकबुद्धीचे जे स्वातंत्र्य दिले आहे, त्यात आपला कोणताही धर्म नाही असे सांगण्याचे स्वातंत्र्यही येते. कोणत्याही अर्जात किंवा जाहीरनाम्यात धर्म लिहिण्याची किंवा सांगण्याची सक्ती सरकार कोणावर करू शकत नाही.

आम्हां कारकून मंडळींनी हा निकाल टेबलाच्या काचेखाली ठेवावा असा आहे. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे २८ लाख ६७ हजार लोकांच्या नावापुढे 'धर्म सांगितला नाही' अशी नोंद आहे. ते सारे नास्तिक असतील असे समजण्याचे कारण नाही. मात्र एक व्यावहारिक सूचना : अनुसूचित जातीच्या सवलती धर्माशी जोडलेल्या असल्याने रकान्यात काय लिहायचे ते भावनेच्या भरात ठरवू नये. माहीतगार माणसाला विचारूनच लिहावे.

आपल्या उंबरठ्याच्या आत

आता घरातली गोष्ट. आपल्या जिल्ह्यातल्या एका बौद्ध कुटुंबात ख्रिस्ती घरातली मुलगी सून म्हणून आली. लग्न नोंदणी पद्धतीने झाले. लग्नाच्या आधीच तिने चर्चला जाणे सोडले होते. तेथल्या गटबाजीला आणि वर्गणीवरून होणाऱ्या अपमानाला ती कंटाळली होती. पण रोज संध्याकाळी स्वयंपाक आटोपला की ती दहा मिनिटे डोळे मिटून येशूची प्रार्थना करते. माहेरचे म्हणतात, पोरगी वाया गेली. सासरचे नातेवाईक म्हणतात, अजून आपली झाली नाही. आणि सासूबाई आम्हाला विचारतात, "भाऊ, हिला काय म्हणावं? थांबवावं का?"

याचे उत्तर आमच्या पदरचे नाही, जोतीरावांचे आहे. १८९१ साली त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात त्यांनी एका कुटुंबाचे चित्र रंगवले आहे. आईने बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध व्हावे, बापाने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे, मुलाने सत्यधर्माचे पुस्तक वाचून सत्यधर्मी व्हावे आणि तरीही या सर्वांनी एकमेकांचा हेवा न करता एका घरात गोडीने राहावे. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ झाला, अजून आपल्याला हे घर बांधता आलेले नाही.

टिळकांच्या घराचेही उदाहरण घ्या. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा लक्ष्मीबाई कोसळल्या. काही वर्षे दूर राहिल्या. मग नवऱ्याजवळ आल्या, पण आपले सोवळे सांभाळून. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, हे त्यांचे त्यांना उमगले आणि मगच १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'त ही सगळी कहाणी त्यांनी हसत-रडत सांगितली आहे. मन आपल्या वेळेने फिरते, कोणी पिरगाळून फिरत नाही.

तेव्हा सासूबाईंना आम्ही सांगितले ते येथेही सांगतो. सुनेची दहा मिनिटे तिची आहेत. त्या वेळी तिला हाक मारू नका. तिनेही घरातल्या वंदनेच्या वेळी आदराने वागावे. मुले झाली तर त्यांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात आणि मोठेपणी निवड त्यांच्यावर सोडावी. लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झाले असल्याने कोणालाही धर्म बदलण्याची गरज नाही. अशा बौद्ध-ख्रिस्ती विवाहात वारसा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने चालतो, हे मात्र दोन्ही घरांनी समजून घ्यावे. आणि ज्याने चर्च सोडले आहे त्याने आपल्या अंत्यसंस्काराविषयीची इच्छा जिवंतपणीच दोन साक्षीदारांसमोर लिहून ठेवावी. नाहीतर मढे अंगणात आणि दोन्हीकडचे लोक भांडणात, असा प्रसंग येतो. दफनभूमी चर्चच्या ताब्यात असते, तेथे जागा मिळेलच असे नाही.

एक अडचण खरी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. संस्था सोडणारा माणूस एकटा पडतो. आजारपणात डबा कोण आणणार, मयतीला खांदा कोण देणार, रविवारी सकाळी कोणाशी बोलणार? चर्च कितीही वाईट वागले तरी ही कामे ते करत असते. टिळकांनाही हे कळले होते, म्हणूनच ते एकटे न बसता 'दरबार' उभा करायला निघाले. ज्यांनी चर्च सोडले त्यांनी चार घरे मिळून बसावे, दुखण्याखुपण्यात धावावे. आणि शेजारी म्हणून आपणही धावावे. खांदा देताना कोणी रकाना विचारत नसतो.

बंधू-भगिनींनो, ही गोष्ट फक्त ख्रिस्ती बांधवांपुरती नाही. जेथे जेथे पदाधिकारी श्रद्धेपेक्षा मोठा होतो, पावतीपुस्तक ग्रंथापेक्षा जाड होते आणि प्रश्न विचारणाऱ्याला बैठकीतून उठवले जाते, तेथे तेथे माणसे मुकाट्याने बाहेर पडतात. मग ते चर्च असो, मंदिर असो, मशीद असो की आपली विहार कमिटी असो. बाहेर पडलेल्या माणसाला धर्मबुडवा म्हणण्याआधी, तो का बाहेर पडला हे विचारण्याचे धैर्य आत बसलेल्यांनी दाखवावे. प्रकाश ज्याचा त्याने आपल्यातच शोधावा, ही तथागतांची शिकवण आपण मानतो. मग दुसऱ्याने आपला दिवा आपल्या पद्धतीने लावला, तर त्यावर फुंकर मारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

पुढच्या आठवड्यात भेटूच. जयभीम.